मायामीचा जबाब

मेलबर्नची दोन निकालपत्रके शेजारी ठेवली तर दोन्हींतला पाचवा सेट जवळपास सारखाच दिसतो. जानेवारी २०१६, ऑस्ट्रेलियन ओपनची पहिली फेरी: राफेल नदाल पाचव्या सेटमध्ये २-० असा पुढे, आणि तिथून फर्नांडो वर्डास्को सलग सहा गेम जिंकतो. जानेवारी २०१७, त्याच स्पर्धेची अंतिम फेरी: नदाल पाचव्या सेटमध्ये ३-१ असा पुढे, आणि तिथून रॉजर फेडरर सलग पाच गेम जिंकतो. शंभर वर्षांनी एखाद्या संशोधकाच्या हाती एवढेच दोन कागद लागले, तर तो बिनदिक्कत लिहून टाकील की या खेळाडूला हातातोंडाशी आलेला घास राखता येत नव्हता आणि वर्षभरात त्यात काही सुधारणा झाली नाही.

हे अनुमान साफ चुकीचे ठरेल. पहिल्या सामन्यात आत्मविश्वास गमावलेला खेळाडू हरला, दुसऱ्यात आत्मविश्वास परत मिळवलेला खेळाडू हरला. हे कशावरून म्हणायचे, हाच या लेखाचा विषय आहे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींवर विसंबणाऱ्यांना अस्सल समकालीन कागदाकडे वळवले, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. खेळाच्या इतिहासात मात्र अजून बखरींचेच राज्य आहे. नदाल २०१५ मध्ये का घसरला, याच्या बखरी ढीगभर आहेत: वय झाले, गुडघे गेले, काकाच प्रशिक्षक असल्यामुळे नवे कुणी काही सांगायला धजत नाही, रॅकेट बदलायला हवी होती. यातल्या बऱ्याचशा पराभवानंतर रचलेल्या. अस्सल म्हणावीत अशी साधने तीनच. एक, गेमागणिक गुणपत्रके. दोन, सामन्यांची चित्रमुद्रणे. तीन, सामना संपल्यावर तासाभराच्या आत झालेल्या पत्रकार परिषदांची शब्दशः टिपणे. या टिपणांत नदालचे मोडकेतोडके इंग्रजी जसेच्या तसे उतरलेले असते, व्याकरण सुधारून घेतलेले नसते. म्हणूनच ती मला जास्त विश्वासार्ह वाटतात. वकिलाने घासूनपुसून दिलेला जबाब आणि पंचनाम्याच्या वेळी तोंडून निघालेले बोलणे, यांत जो फरक असतो तोच इथे आहे.

या टिपणांत सर्वांत मोलाचे मार्च २०१५ अखेरचे, मायामीचे. तिसऱ्या फेरीत वर्डास्कोने नदालला ६-४, २-६, ६-३ असे हरवले होते. त्याआधी इंडियन वेल्सच्या उपांत्यपूर्व फेरीत तीन मॅच पॉइंट हातात असताना तो मिलोस राओनिचकडून हरला होता. मायामीत नदाल जे बोलला त्याचा मथितार्थ असा: प्रश्न टेनिसचा नाही, कोर्टवर पुरेसे मोकळे राहता येण्याचा आहे. मोक्याच्या क्षणी मी घाबराघुबरा होतो. कारकिर्दीतल्या नव्वद-पंचाण्णव टक्के सामन्यांत मला भावनांवर ताबा ठेवता आला, आता तो ठेवणे जड जाते आहे. नेहमीपेक्षा दम लवकर लागतो, आणि चेंडू जिथे मारायचा तिथेच जाईल हा भरवसा उरलेला नाही. शेवटी त्याने एक मुदतही सांगून टाकली. हे दुरुस्त करायला एक आठवडा लागेल, सहा महिने लागतील की वर्ष लागेल, ठाऊक नाही, पण करणार.

चौदा ग्रँड स्लॅम विजेतीपदे नावावर असलेला खेळाडू भर हंगामात, प्रतिस्पर्ध्यांच्या कानांवर जाईल अशा जागी असे बोलतो, ही गोष्ट विरळा. मल्ल आखाड्याबाहेर येऊन दुखरा खांदा दाखवत नाही. पण आपल्या कामाचे वाक्य कबुलीचे नाही, भरवशाचे आहे: चेंडू जिथे मारायचा तिथे जाईल की नाही. आत्मविश्वास ही मनातली वस्तू असेल, तिचा माग मात्र कोर्टवर सापडतो, इंचा-फुटांत.

तो कसा, हे समजायला नदालचा खेळ थोडा उलगडून पाहावा लागेल. त्याचा डाव्या हाताचा फोरहँड खालून वर असा ओढलेला असतो. मनगट, दंड आणि रॅकेट डोक्यावरून मागे फेकली जाते, आणि चेंडूला प्रचंड टॉपस्पिन मिळतो. त्याच्या फोरहँडचा फेरा मिनिटाला सरासरी ३,२०० च्या आसपास मोजला गेला आहे. असा चेंडू जाळीच्या बराच वरून जातो, बेसलाइनजवळ टप्पा घेतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडच्या बाजूला खांद्याएवढा उसळतो. समोरचा मागे सरकतो, चेंडू अर्धवट परत येतो, आणि नदाल दुसऱ्या बाजूला फोरहँड सरळ रेषेत हाणतो. सारी इमारत या क्रमावर उभी आहे, आणि क्रमाचा पाया एकच: हात बिनधास्त फिरला पाहिजे.

हात कचरला की काय होते? सपाट मारणारा खेळाडू कचरला तर त्याचा चेंडू जाळीत जातो किंवा थोडा हळू जातो. टॉपस्पिनवाल्याचे तसे नसते. रॅकेटचा वेग जरा उतरला की चेंडू वर जातो, पण पुढे जात नाही. तो सर्व्हिस रेषेच्या आसपास पडतो आणि समोरच्याच्या कमरेएवढ्या सोयीच्या उंचीवर उभा राहतो. म्हणजे जो फटका प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलण्यासाठी बनवला, तोच त्याला पुढे बोलावतो. तो पुढे आला की नदाल मागे जातो. मागून मारलेला चेंडू आणखी आखूड पडतो. धावणे वाढते, दम लागतो. मायामीतले दमाबद्दलचे वाक्य इथे पुन्हा वाचावे. त्या साली तो शरीराने थकलेला होता असे समजण्याची गरज नाही. त्याला रोज जास्त धावावे लागत होते, आणि ते त्याच्याच आखूड चेंडूंमुळे.

डावपेचातला दुसरा बदल निवडीचा. सरळ रेषेतला फोरहँड हा नदालच्या प्रकृतीचा पारा. तो मारायचा तर चेंडू जाळीच्या उंच भागावरून न्यावा लागतो, अंतर कमी मिळते, आणि चुकला तर आपली बाजू उघडी पडते. बेभरवशाच्या दिवसांत तो आधी कमी होतो. त्याजागी आणखी एक क्रॉसकोर्ट, मग आणखी एक. प्रत्येक फटका सुटा पाहिला तर शहाणपणाचा, पण सगळे मिळून पराभवाचे. अधूनमधून या सावधपणाचा कंटाळा येऊन अवेळीच एखादा अतिधाडसी फटका निघतो, आणि तो बाहेर गेला की सावधपणाला नवे कारण मिळते. २०१५ ची चित्रमुद्रणे पाहताना ही दोन्ही टोके एकाच गेममध्ये दिसतात.

आता त्या वर्षाची यादी झपाट्याने. जानेवारीत दोहाला पहिल्याच फेरीत पात्रता फेरीतून आलेल्या, जगात १२७ व्या असलेल्या मायकेल बेररकडून पराभव. मेलबर्नला उपांत्यपूर्व फेरीत टॉमस बर्डिचकडून ६-२, ६-०, ७-६. त्याआधी नदालने बर्डिचला सलग सतरा सामन्यांत हरवले होते. एप्रिल-मे महिन्यांत, क्लेवर, मोंटे कार्लोत नोव्हाक जोकोविच, बार्सिलोनात फॅबिओ फॉगनिनी, माद्रिदच्या अंतिम फेरीत अँडी मरे, रोमला स्टॅन वावरिंका. पॅरिसला ३ जूनला, स्वतःच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, जोकोविचकडून ७-५, ६-३, ६-१. रोलाँ गारोवर त्याचा हा अवघा दुसरा पराभव, पहिला २००९ चा. २००५ पासून २०१४ पर्यंत सलग दहा वर्षे दरवर्षी निदान एक ग्रँड स्लॅम जिंकण्याची साखळी त्या वर्षी तुटली.

पण यादीतले सगळेच पराभव एका खात्यावर मांडू नयेत. विम्बल्डनचे पाहा. दुसऱ्या फेरीत डस्टिन ब्राउन नावाच्या पात्रता फेरीतून आलेल्या खेळाडूने नदालला हरवले, आणि वर्तमानपत्रांनी तो आत्मविश्वास संपल्याचा पुरावा मानला. कागद काय सांगतात? २०१२ मध्ये विम्बल्डनला ल्युकास रोसोल, २०१३ मध्ये स्टीव्ह डार्सिस, २०१४ मध्ये निक किरियोस, तिघेही पहिल्या नव्व्याण्णवच्या बाहेरचे. तिन्ही वर्षी नदाल महिनाभर आधी पॅरिस जिंकून आला होता. आत्मविश्वास ओसंडून वाहत असतानाही गवतावर मोठे फटके मारणारा अनोळखी खेळाडू त्याला भारी पडत होता. मग २०१५ चा ब्राउन हा वेगळ्या रोगाचा पुरावा कसा? तो जुन्याच रोगाचा चौथा झटका. हा सामना मी पुराव्यातून वगळतो.

पॅरिसचा पराभवही निम्माच घेतो. जोकोविच त्या वर्षी उरलेल्या तिन्ही ग्रँड स्लॅम जिंकला. अशा खेळाडूकडून हरायला आत्मविश्वास गमवावा लागत नाही. त्या सामन्यात पहिल्या सेटमध्ये ०-४ वरून नदालने ४-४ अशी बरोबरीही साधली होती.

उरतो फॉगनिनी, आणि खरा दस्तऐवज तोच आहे. या इटालियनाने २०१५ मध्ये नदालला तीनदा हरवले: फेब्रुवारीत रिओला, एप्रिलमध्ये बार्सिलोनाला आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला. मध्ये हँबर्गच्या अंतिम फेरीत नदाल ७-५, ७-५ असा जिंकला, तेवढाच दिलासा. फॉगनिनी चेंडू टप्प्यानंतर लगेच, वर चढत असतानाच घेतो, फारसा आव न आणता मनगटाने दिशा बदलतो. आखूड चेंडूवर जगणारा माणूस. नदालचा चेंडू खोल पडला तर त्याची लय बिघडते, आखूड पडला तर त्याच्यासारखा आनंदी प्राणी नाही.

अमेरिकन ओपनच्या तिसऱ्या फेरीत नदालने पहिले दोन सेट ६-३, ६-४ असे घेतले. तिसऱ्यात तो ३-१ असा पुढे होता. ग्रँड स्लॅममध्ये पहिले दोन सेट जिंकल्यावर त्याचा हिशेब तोवर १५१ विजय, शून्य पराभव असा होता. मध्यरात्र उलटून गेल्यावर सामना संपला तेव्हा फॉगनिनी ३-६, ४-६, ६-४, ६-३, ६-४ असा जिंकला होता, आणि त्याच्या विजयी फटक्यांची संख्या होती सत्तर. नदालचे तीस.

पाचव्या सेटचे गुणपत्रक मी अनेकदा पाहिले आहे. १-१ नंतर सलग सात गेममध्ये सर्व्हिस करणारा हरला. त्यांतले चार नदालचे. म्हणजे निर्णायक सेटमध्ये त्याने आपली सर्व्हिस एकापाठोपाठ एक चारदा गमावली. पण त्याच सात गेममध्ये त्याने फॉगनिनीची सर्व्हिस तीनदा भेदलीही. मायामीच्या जबाबाशी हे ताडून पाहता येते. भेदताना तो मागे होता, गमावण्यासारखे काही नव्हते, हात मोकळा होता. बरोबरी साधून स्वतः सर्व्हिस करायची वेळ आली, की राखण्याची वेळ आली, आणि मग हात पुन्हा आखडला. तीनदा बरोबरी, तीनदा लगेच पुन्हा पिछाडी. हा अर्थ माझा आहे, कागदाचा नाही, हे सांगून ठेवतो. फॉगनिनीही तणावात होता हे उघड आहे, नाहीतर तीन सर्व्हिस त्यानेही गमावल्या नसत्या. दोघे भ्यालेले होते. फरक एवढाच, की फॉगनिनी भ्यायला की जोरात मारतो आणि नदाल भ्यायला की सांभाळून.

सामन्यानंतर नदाल म्हणाला की हा सामना मी हरलो असे नाही, तो जिंकला. ही उक्ती मी अर्धीच मान्य करीन. सत्तर विजयी फटके मारायला कौशल्य लागते, पण सत्तर वेळा मारता येईल असा चेंडू कुणीतरी द्यावाही लागतो.

इथे एक शंका रास्त आहे. नदालला आधी कधी भीती वाटलीच नव्हती का? २०११ साली जॉन कार्लिन यांच्यासोबत लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याचे उत्तर आहे, आणि ते संकटाच्या चार वर्षे आधीचे असल्यामुळे पुरावा म्हणून स्वच्छ आहे. २००८ च्या विम्बल्डन अंतिम फेरीत चौथ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये तो ५-२ असा पुढे होता, सर्व्हिस त्याची होती, आणि त्याने डबल फॉल्ट केला. तो भीतीचा होता, हे त्याने लपवलेले नाही. सेट गेला. पण पाचव्या सेटमध्ये तो ९-७ असा जिंकला. म्हणजे भीती २००८ मध्येही होती. ती एका गुणापुरती येऊन जायची. २०१५ मध्ये ती मुक्कामाला आली, आणि मुक्कामाला आलेल्या भीतीभोवती खेळाडू नकळत आपला सगळा खेळ नव्याने मांडतो. डावपेच बदलतात ते इथे. एका डबल फॉल्टने डावपेच बदलत नाहीत.

२०१६ ची गोष्ट सरळ रेषेत सांगता येत नाही. वर्डास्कोने मेलबर्नला नव्वद विजयी फटके मारले. सात वर्षांपूर्वी याच मेलबर्नमध्ये उपांत्य फेरीत हाच वर्डास्को नदालशी पाच तास चौदा मिनिटे झुंजून शेवटच्या गुणावर डबल फॉल्ट करून हरला होता. आता पारडे फिरले होते. पण एप्रिलमध्ये नदालने मोंटे कार्लो आणि बार्सिलोना ही दोन्ही जिंकली, आणि वाटले की मायामीची मुदत वर्षभरात पुरी झाली. मग मे महिन्यात पॅरिसला तिसऱ्या फेरीआधी डाव्या मनगटामुळे माघार. ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकला मार्क लोपेझसोबत दुहेरीचे सुवर्ण. आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला चौथ्या फेरीत लुकास पुई.

या सामन्यातला एक गुण प्रत्येक नदालप्रेमीच्या डोक्यात घर करून बसला आहे. पाचव्या सेटचा टायब्रेकर. ३-६ वरून तीन मॅच पॉइंट वाचवून नदाल ६-६ वर आला. पुढच्या गुणाला त्याला हवा तसा चेंडू मिळाला, कोर्टच्या आत, सावकाश आलेला, त्याच्या फोरहँडवर. हा फटका त्याने आयुष्यात हजारो वेळा मारला असेल. तो जाळीत गेला. पुढचा गुण पुईने घेतला. तीन मॅच पॉइंट वाचवताना धजणारा हात, पुढे जाण्याची संधी समोर आल्यावर कचरला. न्यूयॉर्कच्या आदल्या वर्षीच्या पाचव्या सेटचाच हा नमुना, एका गुणात आवळलेला.

डिसेंबर २०१६ मध्ये कार्लोस मोया चमूत दाखल झाला. मोया हाही मायोर्का बेटावरचाच, पूर्वीचा अव्वल मानांकित, लहान नदालचा वडीलभाऊ म्हणावा असा. भारतीय प्रेक्षकांनी या जोडीला आमनेसामने पाहिले आहे. २००८ च्या जानेवारीत चेन्नई ओपनच्या उपांत्य फेरीत तिन्ही सेट टायब्रेकरला गेले, नदाल ६-७, ७-६, ७-६ असा कसाबसा जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी इतका गळालेला होता की मिखाईल युझ्नीने अंतिम फेरीत त्याला ६-०, ६-१ असे गुंडाळले. (पुढे दहा वर्षांनी हीच स्पर्धा पुण्याला, बालेवाडीला आली. तोवर नदाल तिथे येण्याच्या पलीकडे गेला होता.) या ६-०, ६-१ वरून कुणी आत्मविश्वासाचा सिद्धान्त मांडला नाही. थकवा म्हणजे थकवा, हे तेव्हा सर्वांना समजत होते.

मोयाने भर दिला तो सर्व्हिसवर आणि तिच्या लगेच पुढच्या फटक्यावर. हे तंत्राचे काम वाटते, पण ते भीतीवरचेच औषध होते. रॅली जितकी लांबते तितके कचरायला प्रसंग मिळतात. पहिल्या दोन फटक्यांत पुढाकार घेतला, की पुढे घाबरायला वेळ उरत नाही. बॅकहँडही आता नुसता परत पाठवण्यासाठी नव्हता, मारण्यासाठी होता. काकांनी, टोनी नदाल यांनी, २०१७ नंतर आपण दौऱ्यांवर येणार नसल्याचे त्याच वर्षी फेब्रुवारीत सांगून टाकले.

आता पुन्हा ते दुसरे निकालपत्रक, मेलबर्न २०१७. फेडरर सलग पाच गेम जिंकला. चित्रमुद्रण लावले तर दिसते ते असे: फेडररचा बॅकहँड, ज्याच्यावर नदालने बारा वर्षे घाव घातले, त्या दिवशी मागे सरला नाही. तो उसळता चेंडू बेसलाइनवरच उभा राहून, वर चढतानाच सपाट परतवत होता. ३-४ वर सर्व्हिस करताना नदाल ०-४० असा मागे पडला, आणि तिथून त्याने तिन्ही गुण काढले. मग सव्वीस फटक्यांची रॅली, जी फेडररने सरळ रेषेत फोरहँड मारून संपवली. या सव्वीस फटक्यांत कचरलेला माणूस मला सापडत नाही. दोन बिनधास्त खेळाडूंतला एक हरला.

त्याच मोसमात नदालने मोंटे कार्लो, बार्सिलोना आणि पॅरिस प्रत्येकी दहाव्यांदा जिंकले. पॅरिसला एकही सेट न गमावता, संपूर्ण स्पर्धेत अवघे पस्तीस गेम देऊन. अंतिम फेरीत वावरिंका ६-२, ६-३, ६-१. ऑगस्टमध्ये तो पुन्हा अव्वल मानांकित झाला, सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनही जिंकला.

पण जबाब मायामीत दिला गेला होता, म्हणून शेवटचा कागदही मायामीचाच पाहायला हवा. तारीख मार्च २०१७ अखेरची, उपांत्य फेरीची. एक आठवडा, सहा महिने की वर्ष, या मुदतीला दोन वर्षे झाली होती. समोर फॅबिओ फॉगनिनी. निकाल: नदाल ६-१, ७-५.